दोनदा तारलेले हेल्मेट

त्या रविवारी दुपारी प्रेषित नूरोआच्या मांडवात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सकाळची उपासना आटोपून, भट्टीतले तारोचे कंद आणि डुकराचे मांस पोटभर खाऊन अर्धे गाव तिथे लोटले होते. बायकांच्या डोक्यांवर देवळातल्या पांढऱ्या विणलेल्या टोप्या तशाच होत्या. बाहेर रस्त्याच्या कडेला, आमच्या रारोटोंगा बेटाच्या रिवाजाप्रमाणे, माणशी एक मोटरसायकल उभी होती.

मांडवाच्या मधोमध मेजावर लाल कापड, आणि त्यावर एक पांढरे, तोंडासकट सारे डोके झाकणारे हेल्मेट. त्याला तिआरेच्या ताज्या फुलांचा मुकुट घातला होता. शेजारच्या खुर्चीत माझी एकवीस वर्षांची थोरली नात अकाइती बसवली होती. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे कामावर जाताना तिची गाडी घसरली होती, आणि ती पडली तेव्हा हेच हेल्मेट तिच्या डोक्यावर होते.

"बंधूंनो, भगिनींनो," नूरोआने सुरुवात केली. माणूस उंच, सूट पांढरा, आवाज मधात बुडवलेला. "हे हेल्मेट पहिल्यांदा पडलं ऑकलंडला. ट्रकखाली गेलं, आणि आतला माणूस उठून चहा प्यायला. दुसऱ्यांदा पडलं ते तुमच्या गावात. आतली पोर तुमच्यासमोर बसली आहे. जे एकदा तारतं, ते तारायला शिकतं. दुकानातल्या नव्या हेल्मेटाला काय ठाऊक? कालपरवा कारखान्यातून आलं. त्यानं मरण बघितलंय का? तुम्ही दाई बोलावता तेव्हा पहिल्याच बाळंतपणाची बोलावता का?"

"दाईचं मात्र खरं आहे हो," माझ्यामागे कुणीतरी पुटपुटले.

"अकाइती, लेकरा, ही समोर कोण बसली आहे, सांग बघू लोकांना."

त्याने माझ्याकडे बोट केले होते. अकाइतीने माझ्याकडे पाहिले. तिने मला ओळखले होते. तिच्या डोळ्यांत ती ओळख लख्ख दिसत होती. पण शब्द सापडेना. तिचे ओठ हलले, कपाळावर घाम आला.

"ही... छत्री," ती म्हणाली, आणि आपण चुकलो हे तिचे तिलाच कळून तिने मान खाली घातली.

"ऐकलंत? जिवंत आहे. बोलते आहे," नूरोआ म्हणाला, आणि सबंध मांडवातून भक्तीचा उसासा निघाला.

मग त्याने नेहमीचा चमत्कार केला. सोललेले दोन नारळ घेतले. एक त्या पांढऱ्या हेल्मेटात कापडाने घट्ट बांधला, दुसरा एका काळ्या, न अभिषेकलेल्या हेल्मेटात. शिडीवर चढून आढ्याच्या उंचीवरून दोन्ही खालच्या दगडावर सोडली. काळ्यातून पाण्याचे फवारे उडाले, करवंटीचे तुकडे झाले. पांढऱ्यातून त्याने नारळ अखंड काढला, डोक्यावर धरून फिरवला आणि मेजामागच्या पेटीत ठेवून दिला. टाळ्यांनी मांडव दणाणला.

"येत्या रविवारी," तो म्हणाला, "हे दोनदा तारलेलं हेल्मेट अकाइतीच्या धाकट्या बहिणीच्या, मोएरोआच्या डोक्यावर चढेल. सोमवारपासून ती थोरलीच्या जागी हॉटेलात कामाला जायची आहे."

मी उठून उभी राहिले. मी उभी राहिले की या गावात माणसे बोलणे थांबवतात. त्र्याऐंशी वर्षांत मी ते कमावले आहे.

"माझ्या घरातल्या मुलीच्या डोक्यावर काय ठेवायचं, ते मी ठरवते."

"आई, बस खाली," माझा मुलगा तुताई म्हणाला. तो नूरोआच्या उजव्या हाताला उभा होता. "आजवर खूप ठरवलंस."

पन्नास वर्षांत हे वाक्य त्याने मला प्रथमच ऐकवले. मी बसले.

तुताईला मूर्ख समजू नये. त्याची बायको तेपाएरू याच रस्त्यावर गेली, डोक्यावर फुलांखेरीज काही नसताना. तिची कबर आमच्या दारात आहे. सकाळी चहा घेताना तो तिच्याकडे तोंड करून बसतो. दोन मुली वाढवताना त्याच्या मनात एकच धास्ती होती. त्यामुळे अकाइतीला हॉटेलातल्या न्याहारीचे काम लागले, तेव्हा मीच तिला घेऊन अवारुआ शहरातल्या हेल्मेटांच्या दुकानात गेले.

तिला अर्धे हेल्मेट हवे होते. "आजी, पूर्ण तोंडाचं घातलं तर वर फुलं कुठे घालू?"

"फुलं हातात धर. हनुवटी हातात धरता येत नाही."

खाटीक मांस विकतो तसा दुकानदार हेल्मेट विकत होता. "आजी, हे घ्या, मोठं आहे, हवेशीर आहे, दोघी बहिणी घालतील."

"दोघींसाठी चप्पल घेते का मी एक?" मी म्हटले. अकाइतीच्या डोक्यावर एकामागून एक अशी सात चढवली. मान जोरात हलवायला लावली. डोके वळले आणि हेल्मेट जागीच राहिले, की ते परत फळीवर. शेवटी एक सापडले: साधे, राखाडी, ना चित्र ना चकाकी, पण गाल दाबून धरणारे, हनुवटीखालचा पट्टा आवळला की दोन बोटांपलीकडे काही जाणार नाही असे. आत प्रमाणपत्राचा शिक्का शाबूत होता. किंमत तिच्या दोन दिवसांच्या पगाराएवढी. महागड्या हेल्मेटांची काच रंगीत होती आणि नाव मोठे होते, एवढाच मला फरक दिसला.

त्या हेल्मेटाबरोबर राहणे सोपे नव्हते. आत उकडायचे, केसांना वास यायचा. दर शनिवारी ती आतले अस्तर साबणाने धुऊन दोरीवर वाळत घाले. समुद्राच्या खारट वाऱ्याने काच धुरकटायची. सर्वांत मोठी तक्रार गावाची होती. आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटले की भुवया उडवून 'क्षेम आहे ना' विचारतात. पूर्ण तोंडाच्या हेल्मेटात भुवया दिसत नाहीत. महिन्याभरात चार बायकांनी मला येऊन सांगितले, "तुमची नात आता ओळख दाखवत नाही. हॉटेलात लागल्यापासून मान फार ताठ झालीय."

"मान ताठच हवी," मी म्हटले, "वाकडी झाली की बरी होत नाही."

अशातच नूरोआ ऑकलंडहून उतरला. त्याच्याबरोबर 'तारलेल्या' हेल्मेटांचे खोके होते. त्याचा सौदा साधा होता: दोन नवी हेल्मेटे अर्पण करा, एक तारलेले घेऊन जा. तुताईने अकाइतीचे राखाडी दिले, स्वतःचे दिले, आणि ते पांढरे घरी आणले. मी विरोध केला. पण माझ्या विरोधाला जोर नव्हता, आणि त्याचे कारण सांगण्याची मला लाज वाटते. मोठ्या वादळात माझ्या नवऱ्याने मला आणि तान्ह्या तुताईला ज्या दोराने माडाला बांधले होते, तो दोर मी जपून ठेवला आहे. त्याच दोराला पुढे दोन्ही नातींचे पाळणे टांगले. 'ज्याने तारले त्याला घराबाहेर काढू नये' हे वाक्य तुताई माझ्या तोंडून ऐकतच मोठा झाला. आमच्याकडे प्रत्येक घरात असे काही असतेच: तुफानातून परतलेल्या होडीचे वल्हे, बुडता बुडता हाती आलेली फळी. नूरोआने आमच्या डोक्यात नवे काही घातले नाही. जे होते तेच आम्हांला विकले.

तीन आठवड्यांनी पहाटे, ओल्या वळणावर, कुत्रा आडवा आला. गाडीचा वेग फार नव्हता. अकाइती डाव्या कुशीवर पडली आणि डोके देवळाच्या दगडी कुंपणावर आपटले. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितले की डाव्या बाजूला मार बसला आहे, शब्दांचे कोठार तिथेच असते; काही शब्द परत येतील, काही येणार नाहीत, आणि कोणते ते सांगता येत नाही.

तुताई इस्पितळातून थेट नूरोआकडे गेला आणि त्याच्या पायांवर पडला.

त्या रविवारनंतरच्या सात दिवसांत मी माझे सारे वजन वापरून पाहिले. मांडव आमच्या घराण्याच्या जमिनीवर होता. सोमवारी सकाळी मी तो उठवायला सांगितले. दुपारपर्यंत तो कुंपणापलीकडे, शेजारच्यांच्या जमिनीवर उभा राहिला. गाणी आता स्वयंपाकघरात अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागली. पाळकबुवांकडे गेले, तर ते म्हणाले, "मी बोललो तर लोक म्हणतील, याची दानपेटी हलकी झाली म्हणून बोलतो." पोलीस शिपाई लहानपणी माझ्या हातचा मार खाल्लेला, तो उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "आजी, कायदा म्हणतो डोक्यावर हेल्मेट हवं. ते आधी किती वेळा आपटलंय, ते माझ्या कागदात नाही."

शेवटी मोएरोआलाच समोर बसवले. "मी तुला नवं आणून देते. ते घाल."

"आजी, बाबा रात्रभर जागे असतात," ती म्हणाली. सतरा वर्षांची पोर, पण बोलली मोठ्या बाईसारखी. "मी पांढरं घातलं तर त्यांना झोप लागेल. मला दुसरं काही ठाऊक नाही."

ज्या घरात माझ्या परवानगीवाचून चूल पेटत नसे, त्या घरात मी एका मुलीच्या डोक्यावरची वस्तू बदलू शकत नव्हते.

गुरुवारी मी तेओकोताई मास्तरांकडे गेले. ते शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या होड्या दुरुस्त करतात. होडीला पालथे घालून ते तिच्या पोटावर बोटांच्या पेरांनी टकटक करत होते.

"ऐका आजी," ते म्हणाले. एका जागी आवाज टणक होता, हातभर पुढे मेलेला. "इथं आतला फोम चेपलाय. वरून मी असा रंग देईन की त्यात तोंड दिसेल. पण लाट लागली की होडी इथंच फाटणार. हेल्मेटातही तेच असतं. थर्माकोलसारखा पांढरा थर. डोकं आपटलं की तो चेपतो, आणि चेपताना मार स्वतः खातो. एकदाच. त्याला पुन्हा फुगता येत नाही. हेल्मेट आपल्याऐवजी मरतं, आजी. मेलेल्याला परत कामावर लावायचं नसतं."

"आणि नारळाचा चमत्कार?"

"तो नारळ फोडून कुणी खाल्लाय का आजवर?"

मी विचार केला. फुटलेला नारळ पोरे तिथल्या तिथे वाटून खात. अखंड राहिलेला नेहमी पेटीत जाई.

मी नूरोआला निरोप धाडला की माझे मन पालटले आहे. नातीच्या डोक्यावर हेल्मेट मी स्वतः चढवीन. तो आनंदला. तुताईने त्या संध्याकाळी माझे पाय चेपले. त्याला बरे वाटत होते, आणि मी त्याला फसवत होते. हे मी केले आणि पुन्हा करीन.

रविवारी मांडव मागच्यापेक्षा भरला होता. मोएरोआ पांढऱ्या पोशाखात उभी होती. अकाइती खुर्चीत. नूरोआने दोन नारळ उचलले, तेव्हा मी हात पुढे केला.

"प्रेषितबुवा, तारणारा नारळ आधी माझ्या हातात द्या. आशीर्वाद देते."

मी वडीलधारी, शिवाय त्याच्याच बाजूची; नाही म्हणण्याची सोय नव्हती. मी नारळ कानाशी धरून हलवला. मी सत्तर वर्षे नारळ सोलले आहेत. आतून एका थेंबाचा आवाज आला नाही. नारळाच्या डोळ्यावर बोट फिरवले, तर तिथे मेण भरून वर काजळी लावलेली.

"तेओकोताई, कोयता."

"आजी, तो अर्पणाचा आहे," नूरोआ घाईने म्हणाला.

"मीही अर्पणच करतेय."

एका घावात नारळ उघडला. आत पाणी नव्हते. करवंटी काठोकाठ भरून पिवळसर, कापसासारखा गोळा होता. कोंब फुटलेल्या नारळात पाणी आटून असा मऊ गोळा धरतो. आम्ही त्याला उतो म्हणतो आणि पोरे तो खाऊ म्हणून खातात. नूरोआने कोंब मोडून भोक बुजवले होते.

"उतो आहे हा," पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "अगं बाई, उशी भरलेला नारळ. हा माझ्या घराच्या छपरावरून टाकला तरी फुटायचा नाही."

"आणि माझ्या सासूबाईंवर टाकला तर?" मागून कुणी विचारले, आणि लोक हसले.

मास्तरांनी तोवर काळ्या हेल्मेटाचे अस्तर ओढून काढले होते. आत पांढरा थर नव्हताच. नुसते कवच आणि त्यावर चिकटवलेले जुन्या गादीचे तुकडे. मग त्यांनी पिशवीतून एक नवे राखाडी हेल्मेट काढले, अवारुआच्या त्याच दुकानातले, त्याच किमतीचे. मी घरून आणलेले दोन साधे, पाण्याने भरलेले नारळ लोकांच्या हातांतून फिरवले. प्रत्येकाने हलवून पाहिले. एक राखाडी हेल्मेटात बांधला, दुसरा दोनदा तारलेल्यात.

"कशावर अभिषेकाचं तेल ओतायचं असेल तर ओता," मास्तर नूरोआला म्हणाले. "आम्ही थांबतो."

नूरोआने पांढऱ्यावर तेल ओतले. ओतावेच लागले.

राखाडी खाली आले. नारळ अखंड निघाला. मी तो हलवला, पाणी वाजले. पांढरे खाली आले, आणि त्याच्या हनुवटीतून पाणी ठिबकू लागले. फुलांच्या मुकुटावरून ते लाल कापडावर उतरले. आता कुणी हसले नाही.

मास्तरांनी पांढऱ्याचे अस्तर काढून ते उलटे धरले. "डावी बाजू बघा. हा थर अंगठ्याएवढा जाड हवा. इथं बिस्किटाएवढा उरलाय. आणि ही भेग. भेगेत गोंद आहे, पिवळा पडून वाळलेला. सात आठवड्यांत गोंद असा होत नाही, आणि इथं कुणी लावलेलाही नाही. बाहेर रंग उडालाय तिथं खाली गाड्यांचे पोचे बुजवतात ती लांबी दिसतेय. म्हणजे हे ऑकलंडला याच बाजूवर आपटलं, मेलं, बुजवलं, रंगवलं आणि तुम्हांला आलं. तुमची चांगली नवी हेल्मेटं इथून दुसऱ्या बेटांवर विकायला जातात. बंदरावर खोक्यांवर या प्रेषितबुवांचंच नाव आहे."

"तरी मुलगी वाचली," नूरोआ म्हणाला. त्याचा आवाज अजून मधाळच होता. "ते कुणी केलं?"

पुष्कळ माना त्या बाजूला डोलल्या. मी पाहिले. डोळ्यांसमोर नारळ फुटला होता आणि तरी डोलल्या.

"कवच होतं, पट्टा होता, वेग कमी होता," मास्तर म्हणाले. "त्यानं वाचली."

तेव्हा तुताई पुढे आला. त्याने ते हेल्मेट मास्तरांच्या हातून घेतले आणि आतल्या चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मास्तर, तिचं राखाडी मी दिलं नसतं तर? ते डोक्यावर असतं, तर आज ती बोलली असती?"

नूरोआकडे या प्रश्नाला उत्तर असते. कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असते, आणि म्हणूनच त्याचा मांडव भरतो. तेओकोताई मास्तरांनी आधी अकाइतीकडे पाहिले.

"मार कमी बसला असता," ते म्हणाले. "किती कमी, ते मला सांगता येणार नाही, तुताई. कुणालाच येणार नाही."

हा घाव माझ्या मुलावर पडणार, हे मला गुरुवारपासून ठाऊक होते. मी त्याच्याकडे जाण्यासाठी उठले, पण त्याने हात वर करून मला थांबवले.

"करवत आहे?" त्याने विचारले.

मास्तरांनी होडीची करवत दिली. तुताई जमिनीवर बसला, हेल्मेट गुडघ्यांत धरले आणि कापू लागला. कवच चिवट होते. कुणी मदतीला सरसावले की तो मान हलवी. माणसे एक-एक करून उठली. काही त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली, काही नूरोआच्या मोटारीमागून गेली. मोएरोआ बापाच्या शेजारी बसून पांढरा भुगा ओंजळीत गोळा करत राहिली. अकाइती खुर्चीतून पाहत होती. हेल्मेटाचे दोन तुकडे झाले, तेव्हा तिने तोंड उघडले, शब्द शोधला, आणि तो सापडला नाही.

सोमवारी मोएरोआ मी त्याच दुकानातून आणून ठेवलेले दुसरे, न आपटलेले राखाडी हेल्मेट घालून कामाला गेली. तुताईला अजून झोप लागत नाही. नूरोआ बेटाच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिथे त्याचा मांडव भरतो, आणि नारळ आता तो कुणाच्या हातात देत नाही. मी तिथे दोनदा गेले. माझे ऐकून घेतले, मला खुर्ची दिली, सरबत दिले, आणि पुन्हा गाणी सुरू झाली.

म्हणून हे लिहून ठेवते. ज्या घरात आपटलेले हेल्मेट जपून ठेवले असेल, त्या घरातल्या कर्त्या माणसाने त्याचे अस्तर आजच काढावे आणि आतला थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. तो दबला असेल, चिरला असेल, किंवा नुसती शंका आली, तरी ते कापून टाकावे. फेकून देऊ नये, नाहीतर कुणीतरी उचलून रंगवील. नवे घ्यावे. स्वस्त चालेल, साधे चालेल. डोक्याला घट्ट बसणारे आणि तपासणीचा शिक्का असलेले मात्र हवे. आणि कुणी तुम्हांला सांगितले की अमुक वस्तूला तारण्याची सवय लागली आहे, तर ती वस्तू त्याच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. तो जी सबब देईल, तेवढ्यावरून त्याला ओळखा.